अंतर तेच, वेळ वेगळी : ब्यूनस आयर्स ते सँटियागो

समजा, जुलै महिन्यात तुम्ही अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्सहून चिलीच्या सँटियागोला निघालात. तिकिटावर लिहिले आहे : सकाळी १०.०० ला प्रस्थान, ११.२० ला आगमन. परतीच्या तिकिटावर दुपारी १.०० ला प्रस्थान, ४.०० ला आगमन. कोणीही म्हणेल, जायला एक तास वीस मिनिटे आणि यायला तब्बल तीन तास!

प्रत्यक्षात उलटेच आहे. जायला सुमारे दोन तास वीस मिनिटे लागतात आणि यायला सुमारे दोन तास. तिकिटावरची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. अर्जेंटिनाचे घड्याळ वर्षभर ग्रिनिचच्या तीन तास मागे असते. चिलीचे हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, चार तास मागे असते. म्हणून जाताना एक तास ‘मिळतो’ आणि येताना ‘जातो’. उन्हाळ्यात चिली आपले घड्याळ तासभर पुढे करते, दोन्ही देशांची वेळ एक होते, आणि मग तेच विमान १०.०० ला सुटून १२.२० ला पोहोचते.

घड्याळाचा हा हिशेब सोडवला तरी एक प्रश्न उरतोच. अंतर तेच आणि विमानही तेच असताना जायला वीस मिनिटे जास्त का लागतात? या वीस मिनिटांच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. ही मिनिटे न कळल्यामुळे माणसे मेली आहेत. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे आकडा दिसला की तो आला कुठून हे पाहण्याची खोड आहे. म्हणून हा हिशेब मुळापासून मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर जास्त मजा येईल.

अंतर कसे काढतात?

पृथ्वीवर एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचे तसे नाही. विषुववृत्तावर एक अंश रेखांशही १११ किलोमीटरच भरतो, पण ध्रुवाकडे जाताना रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. ३४ अंश अक्षांशावर, जिथे ही दोन्ही शहरे आहेत, एक अंश रेखांश जेमतेम ९२ किलोमीटरचा उरतो.

ब्यूनस आयर्सचा एझेझा विमानतळ साधारण ३४.८२ दक्षिण, ५८.५४ पश्चिम येथे आहे. सँटियागोचा विमानतळ ३३.३९ दक्षिण, ७०.७९ पश्चिम येथे. रेखांशातला फरक १२.२५ अंश, म्हणजे १२.२५ × ९२ = १,१२७ किलोमीटर. अक्षांशातला फरक १.४३ अंश, म्हणजे १.४३ × १११ = सुमारे १५९ किलोमीटर. आता आठवीत शिकलेला पायथागोरस : दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येते सुमारे १,१३८ किलोमीटर. संगणक यासाठी पृथ्वीचा गोल आकार धरणारे सूत्र वापरतो, पण एवढ्या अंतरासाठी त्याचे उत्तर फारसे वेगळे येत नाही. आपण सोयीसाठी १,१४० धरू.

हा आकडा ओळखीचा वाटतो का? मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतरही जवळजवळ तेवढेच, १,१४० किलोमीटरच्या आसपास आहे. योगायोग इथेच संपत नाही. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग बडोदा, रतलाम, कोटा करत जवळपास १,४०० किलोमीटरचा होतो, आणि ब्यूनस आयर्स ते सँटियागो रस्ताही सुमारे १,४०० किलोमीटरच आहे. बडोदा-इंदूरकडच्या मंडळींना या अंतराची कल्पना वेगळी द्यायला नको, अर्ध्या वाटेवर तर आपली घरे आहेत.

पण आपल्या राजधानी एक्सप्रेसला या प्रवासाला साधारण सोळा तास पुरतात. तिथल्या बसला वीस तास किंवा त्याहून जास्त लागतात, आणि हिवाळ्यात हिमवर्षाव झाला तर बस निघेलच याची खात्री नाही. मध्ये अँडीज पर्वत उभा आहे.

शेवटचे एकशेऐंशी किलोमीटर

ब्यूनस आयर्सहून पश्चिमेला मेंदोसा शहरापर्यंतचे हजारेक किलोमीटर म्हणजे पाम्पासचा सपाट मुलूख. गव्हाची शेते, कुरणे, गुरे आणि सरळ रस्ता. मेंदोसापासून सँटियागो हवाई अंतराने फक्त १८० किलोमीटर आहे, पण रस्त्याने तेच सुमारे ३६० किलोमीटर होते. त्याला सहा ते आठ तास लागतात, कारण घाट आहे आणि सरहद्दीवरची तपासणीही आहे. चिलीच्या बाजूला उतरताना ‘लोस काराकोलेस’, म्हणजे ‘गोगलगाई’, नावाची वळणे आहेत. एकाखाली एक अशी ती नागमोडी वळणे पाहिली की आपले कसारा आणि आंबोली घाट सोपे वाटायला लागतात. सरहद्द ओलांडणारा बोगदा सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. आपला रोहतांगखालचा अटल बोगदा साधारण त्याच उंचीवर आहे, म्हणजे तिथल्या थंडीचा आणि बर्फाचा अंदाज यावा.

एके काळी या घाटातून रेल्वेही जात असे. १९१० साली ती पूर्ण झाली. ब्यूनस आयर्स ते मेंदोसा हा मार्ग ब्रॉडगेज, तोही १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे अगदी आपल्या भारतीय ब्रॉडगेजइतकाच. पर्वतात मात्र मीटरगेज होता, आणि तीव्र चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून मध्ये दातेरी रूळ होता. चिलीत उतरल्यावर पुन्हा ब्रॉडगेज. प्रवाशांना दोनदा गाडी बदलावी लागे. हिमलोटांनी मार्ग वारंवार बंद पडे, आणि १९८० च्या दशकात तो कायमचाच थांबला.

विमानाने हा पर्वत ओलांडायच्या धडपडीला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस यश आले. १ एप्रिल १९२१ रोजी आद्रियेन बोलाँ ही फ्रेंच वैमानिक मेंदोसाहून निघून सँटियागोला उतरली. अँडीज ओलांडणारी ती पहिली महिला वैमानिक. लाकूड-कापडाचे तिचे कॉद्रॉन विमान चार हजार मीटरच्या वर जेमतेम जाऊ शकत होते आणि वाटेतली शिखरे त्याहून कितीतरी उंच होती. त्यामुळे पर्वतावरून जाणे शक्यच नव्हते, दऱ्यांमधून वाट काढावी लागली. त्या उड्डाणाला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागला. आजचे जेट तोच पर्वत पाव तासात मागे टाकते.

वाऱ्याचा कर

आता वेळेचा हिशेब. इंटरनेटवर ‘अंतर आणि उड्डाणवेळ’ दाखवणारी बरीच साधने सरळ भागाकार करतात : अंतर भागिले ताशी ८०० किलोमीटर, आणि वर चढ-उतरणीसाठी अर्धा तास. आपल्या मार्गाला ते १,१४० ÷ ८०० = सुमारे १ तास २५ मिनिटे, अधिक अर्धा तास, म्हणजे १ तास ५५ मिनिटे होतात. मुंबई-दिल्लीलाही हेच उत्तर येईल. जायचे आणि यायचे उत्तरही एकच येईल, कारण या सूत्रात वारा नाही.

प्रत्यक्षात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. ब्यूनस आयर्स ते सँटियागो हा मार्ग जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो, म्हणजे विमान वाऱ्याच्या अगदी तोंडावर असते. समजा वारा ताशी १५० किलोमीटरचा आहे. विमान हवेच्या तुलनेत ८०० नेच उडते, पण जमिनीच्या तुलनेत जाताना त्याचा वेग ६५० होतो आणि येताना ९५०. म्हणजे जायला १ तास ४५ मिनिटे, यायला १ तास १२ मिनिटे. तेहेतीस मिनिटांचा फरक फक्त वाऱ्यामुळे पडला.

इथे एक गंमत आहे. जाताना जे गेले ते येताना भरून निघते, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन २ तास ५१ मिनिटे लागली असती. वाऱ्यात ती २ तास ५७ मिनिटे होतात. कारण वारा विरुद्ध असताना आपण जास्त वेळ त्याच्या तडाख्यात असतो आणि तो सोबत असताना कमी वेळ. वारा आपला कर घेतोच.

मुंबई-दिल्लीला हा फरक एवढा का जाणवत नाही? उत्तर भारतावरही हिवाळ्यात पश्चिमेकडून जेट स्ट्रीम वाहतो, पण आपला मार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे वारा बहुतांशी बाजूने लागतो. वेळापत्रकात या प्रवासाला सव्वादोन तासांच्या आसपास धरतात, पण त्यातली बरीच मिनिटे धावपट्टीच्या रांगेत आणि उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालण्यात जातात. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते हे लक्षात ठेवावे. हवेत घालवलेला वेळ त्याहून कमी असतो.

सँटियागोच्या बाजूने आणखी एक अडचण आहे. एरवी विमान गंतव्याच्या दीडदोनशे किलोमीटर आधीपासून हळूहळू उतरू लागते. इथे त्या अंतरात अँडीज आहे. त्यातले अकोंकाग्वा शिखर ६,९६१ मीटर उंच, आशियाबाहेरचे जगातले सर्वांत उंच. विमानतळ मात्र समुद्रसपाटीपासून ५०० मीटरही उंच नाही. म्हणून पर्वत ओलांडेपर्यंत वरच राहायचे, मग थोड्या अंतरात भराभर उतरायचे, आणि त्यासाठी अनेकदा वळसाही घ्यायचा. हीसुद्धा काही मिनिटे.

चार मिनिटांत पोहोचतो

आता त्या मिनिटांची किंमत.

२ ऑगस्ट १९४७. ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेजचे ‘स्टार डस्ट’ नावाचे लँकेस्ट्रियन विमान ब्यूनस आयर्सहून सँटियागोला निघाले. त्यात ११ जण होते. पर्वतावर खराब हवा होती, म्हणून विमान ढगांच्या वरून, सुमारे सात हजार मीटरवरून चालले होते. खालचे काही दिसत नव्हते. आपण कुठे आहोत हे ठरवायचा एकच मार्ग होता, वेग गुणिले वेळ. संध्याकाळी ५.४१ ला मोर्सच्या कडकट्टातून संदेश आला की ५.४५ ला सँटियागोला पोहोचतो. त्यामागून ‘स्टेनडेक’ असा एक अनाकलनीय शब्द आला. त्यानंतर काहीच नाही.

शोध झाला, काही सापडले नाही. त्या शब्दावरून परग्रहवासीयांपर्यंत तर्क गेले. १९९८ मध्ये अर्जेंटिनाच्या दोन गिर्यारोहकांना तुपुनगातो पर्वताच्या हिमनदीत इंजिनाचे तुकडे आणि कपडे दिसले. २००० साली मोहीम जाऊन अवशेष घेऊन आली. जागा सँटियागोच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटर होती.

उलगडा असा झाला. जेट स्ट्रीमबद्दल तेव्हा वैमानिकांना फारच थोडी माहिती होती. ढगांवरून जाताना विमान नेमके त्याच वाऱ्यात शिरले. हवेतला वेग दाखवणारा काटा नेहमीचाच आकडा दाखवत होता, कारण तो वाऱ्याच्या तुलनेतला वेग मोजतो. जमिनीवरचा वेग मात्र बराच घटला होता. हिशेबाने पर्वत मागे पडला होता, प्रत्यक्षात तो समोर होता. वैमानिक ढगांत उतरू लागला आणि विमान थेट हिमनदीवर आदळले. कोसळलेल्या बर्फाने ते झाकले गेले, आणि हिमनदी त्याला पोटात घेऊन पन्नास वर्षे हळूहळू खाली सरकत राहिली.

हा हिशेब तुम्हीही करू शकता. ताशी १०० किलोमीटरचा विरुद्ध वारा धरायचा राहिला, तर तासाभरात आपली जागा १०० किलोमीटर चुकते. ऐंशी किलोमीटरच्या चुकीला पाऊण तासच पुरतो.

अकरा मिनिटांऐवजी तीन

पंचवीस वर्षांनी त्याच पर्वतात तशीच गोष्ट पुन्हा घडली. ही अनेकांना ‘सोसायटी ऑफ द स्नो’ या २०२३ च्या चित्रपटामुळे माहीत आहे. चित्रपटात जगण्याची झुंज ठळक आहे. तिच्या मुळाशी असलेला वेळेचा हिशेब मात्र चटकन लक्षात येत नाही.

ऑक्टोबर १९७२ मध्ये उरुग्वेच्या हवाई दलाचे फेअरचाइल्ड विमान रग्बी संघ आणि त्यांचे आप्त-मित्र अशा ४५ जणांना घेऊन मोंतेविदेओहून सँटियागोला निघाले. हवा वाईट म्हणून रात्र मेंदोसाला काढावी लागली. १३ तारखेला दुपारी ते पुन्हा उडाले. भरलेल्या अवस्थेत त्या विमानाला सर्वांत उंच शिखरांवरून सरळ जाणे सुरक्षित नव्हते. म्हणून आधी दक्षिणेला जायचे, प्लांचोन खिंडीतून पश्चिमेला वळायचे, चिलीतले कुरिको शहर आले की उत्तरेला वळून सँटियागोकडे उतरायचे, असा मार्ग ठरला होता.

खाली सगळे ढग होते. वैमानिकांनी अंदाजाने प्लांचोन आल्याचे कळवले. तिथून कुरिको ११ मिनिटांवर होते. तीनच मिनिटांनी संदेश गेला : कुरिको आले, उत्तरेला वळतो. खाली उतरण्याची परवानगी मिळाली. ती देणाऱ्या नियंत्रकाकडे विमान नेमके कुठे आहे हे दाखवणारे रडार नव्हते, सांगितलेल्या जागेवर त्याने विश्वास ठेवला. विमान अजून पर्वतातच होते.

यातली सर्वांत चटका लावणारी बाब अपघातानंतरची आहे. मरणाच्या दारात असलेला सहवैमानिक पुन्हा पुन्हा सांगत होता की आपण कुरिको ओलांडले आहे. वाचलेल्यांनी तेच खरे धरले. म्हणजे आपण चिलीच्या बाजूला आहोत, पश्चिमेला उतरलो की हिरवी खोरी लागतील. प्रत्यक्षात ते अर्जेंटिनात होते. पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर एक बंद पडलेले हॉटेल होते, तिथे निदान डोक्यावर छप्पर मिळाले असते. नांदो परादो आणि रॉबेर्तो कानेसा पश्चिमेचा उंच कडा चढून गेले आणि वर पोहोचल्यावर त्यांना हिरव्या खोऱ्यांऐवजी नजर जाईल तिथवर बर्फाचीच शिखरे दिसली. तरीही ते दहा दिवस चालले आणि चिलीतल्या एका गुराख्यापर्यंत पोहोचले. ७२ दिवसांनी १६ जण जिवंत परतले. २९ जण गेले.

विमान पडले तरी चुकीचा आकडा तिथेच थांबला नाही. वाचलेल्या माणसांनी कुठल्या दिशेला चालायचे हेसुद्धा त्यानेच ठरवले.

पडद्यावरचे दोन वेग

आज विमानाला आपली जागा अंदाजाने काढावी लागत नाही. उपग्रह, जमिनीवरची रेडिओ केंद्रे आणि विमानातली स्वतंत्र यंत्रणा अशा तीन वाटांनी ती मोजली जाते आणि एकमेकींशी ताडून पाहिली जाते. पर्वत ओलांडताना हवेचा दाब अचानक गेला तर कुठल्या टप्प्यापर्यंत मागे फिरायचे आणि कुठल्या टप्प्यानंतर पुढेच जायचे, हे आधीच ठरलेले असते. कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडी मिनिटेच पुरतो आणि अँडीजवर लगेच खाली उतरता येत नाही.

पुढच्या विमानप्रवासात, मग तो इंदूर-हैदराबाद का असेना, समोर पडदा असेल तर त्यावरचा ‘ग्राउंड स्पीड’ पाहा. हा जमिनीवरचा वेग आहे, म्हणजेच ‘स्टार डस्ट’च्या वैमानिकाकडे नसलेला आकडा. उरलेले अंतर भागिले हा वेग, आणि ‘पोहोचायला किती वेळ’ हे उत्तर दर थोड्या क्षणांनी नव्याने काढले जाते. आमच्या कामातही अंदाजाने भरलेला आणि मोजून आलेला आकडा पडद्यावर सारख्याच ठशात दिसतात. त्यातला कुठला कोणता, हे विचारायची सवय ज्याने त्याने लावून घ्यावी लागते.

आणि कधी खरोखरच ब्यूनस आयर्सहून सँटियागोला जाण्याचा योग आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ब्यूनस आयर्सला दोन विमानतळ आहेत, शहरातच नदीकाठी असलेला आएरोपार्के आणि शहराबाहेर सुमारे तीस किलोमीटरवरचा एझेझा. तिकिटावर कुठला आहे ते आधी बघा, नाहीतर विमानात वाचवलेली वीस मिनिटे टॅक्सीत जातील. आणि जाताना उजव्या बाजूची खिडकी मागा. प्रवासाच्या शेवटच्या अर्ध्या तासात, पट्टे बांधा अशी सूचना झाली की बाहेर पाहा. आकाश स्वच्छ असेल तर अकोंकाग्वा त्याच बाजूला दिसतो.